गाडीचा पोळा

माझा डावा पाय मी दोन वर्षांची असताना गेला. गेला म्हणजे आहे, जागच्या जागी आहे, फक्त कामावर येत नाही. ताप आला, अंगावरून वारं गेलं, आणि ताप उतरला तेव्हा पाय दोरीसारखा लोंबत होता. ते मोठ्या दुष्काळाचं साल होतं. माणसं खडी फोडायला जात होती, लेकरांचे पाय बघायला कुणाला सवड? पोलिओ हा शब्द आमच्या गावात पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर गावानं आपापल्या अकलेप्रमाणे कारणं लावली. कुणी म्हणालं, हिच्या मायनं ग्रहण पाळलं नाही. कुणी म्हणालं, मागच्या जन्मी पोरीनं कुणाला तरी लाथ मारली असणार. मला हे दुसरं कारण आवडायचं. मारली असेल तर तो लाथ खाण्यासारखाच असणार, अशी माझी खात्री होती.

आमचं गाव निलंग्यापासून चार किलोमीटर. गावात शाळा सातवीपर्यंत. सातवीपर्यंत मायनं मला कडेवर नेलं आणि कडेवर आणलं. आठवी निलंग्याला. तेरा वर्षांच्या घोडीला चार किलोमीटर कडेवर कोण नेणार? मी वर्षभर घरी बसले. शिकून मोठं व्हायचं वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं, उगीच खोटं कशाला सांगू. पण घरी बसलं की येणारा-जाणारा डोक्यावरून हात फिरवून "बिचारी" म्हणायचा. शाळेत कुणी बिचारी म्हणत नव्हतं. शाळेत "लंगडे" म्हणायचे, आणि लंगडे म्हणणाऱ्याला दगड मारता येतो. बिचारी म्हणणाऱ्याला काय मारणार? त्याला वर चहा करून द्यावा लागतो. मला काहीही करून शाळेत जायचं होतं.

मायचं सांगायचं तर तिची मान धरलेली होती. त्या मोठ्या दुष्काळापासून डोक्यावर घागरी, आणि कडेवर मी. मागून हाक मारली तर माय मान वळवायची नाही, आख्खी वळायची, दार उघडावं तशी. आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. गावातल्या निम्म्या बायका तशाच वळायच्या.

त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला. आम्ही जागचे हललो नाही, पण आधी उस्मानाबाद होतं ते लातूर झालं. गावात पेढे वाटले. पाणी वाटायला नव्हतं म्हणून पेढे वाटले असतील. माझ्याकडे जुन्या जिल्ह्यातल्या डॉक्टरचा अपंग असल्याचा दाखला होता. तो घेऊन माय कुठल्याशा कचेरीत गेली, तर खिडकीतला माणूस म्हणाला, हा चालत नाही, नव्या जिल्ह्याचा आणा. माय म्हणाली, "साहेब, जिल्हा बदलला, पाय तोच हाय की." साहेब म्हणाला, "असं आम्ही कसं धरून चालणार?" त्यानं "चालणार" म्हटलं आणि मी फिस्सकन हसले. मायनं मला चिमटा काढला. तीन खेपा झाल्या, आणि मी पुन्हा एकदा, नव्या शिक्क्यानिशी, लंगडी झाले.

दाखला काढायचं कारण असं की एक परदेशी संस्था अपंगांना तीनचाकी सायकली वाटत होती. हातानं फिरवायच्या. कुठल्या तरी थंड देशातली संस्था. तिचा एक माणूस फॉर्म घेऊन गावात आला, पुण्याकडचा होता, घाम पुसून पुसून त्याचा रुमाल चिखल झाला होता. फॉर्मवर पाच तोंडं काढलेली, पहिलं रडकं, पाचवं हसरं, मधली तीन आपली उन्हात बसल्यासारखी. तू किती सुखी आहेस ते बोट ठेवून दाखव, म्हणाला. मी विचारलं, "रडक्यावर बोट ठेवलं तर गाडी मिळते का हसऱ्यावर?" तो म्हणाला, खरं काय ते सांग. म्हणजे याला काहीच माहीत नव्हतं. मी रडक्यावर ठेवलं. गाडी हवी होती मला, खरं नाही. मायला वाटलं आपल्यालाही विचारतोय. ती हात पुसत म्हणाली, "मी आपली बारा आणे सुखी हाय बघा. मानेचे चार आणे कापा." तो म्हणाला, "तुमचं नाही हो बाई, पोरीचं लिहायचंय."

गाड्या लातूरला वाटल्या. मोठा मांडव, मोठं स्टेज. ज्यांना पाय आहेत ते सगळे सावलीत स्टेजवर बसलेले आणि आम्ही बिनपायाचे खाली उन्हात. गाडी घ्यायला मात्र स्टेजवर चढायचं. नऊ पायऱ्या होत्या, मी मोजल्या, कारण मी त्या हातांवर चढले. वर गेल्यावर एका मोठ्या माणसानं माझ्या गळ्यात हार घातला, फोटो काढला आणि गाडी कुठाय विचारलं तर म्हणाला, खाली आहे. नऊ पायऱ्या परत खाली. अटी लाऊडस्पीकरवर वाचून दाखवल्या. गाडी ज्याची त्यानंच वापरायची. दुसऱ्या कामाला लावली किंवा वापरलीच नाही, तर संस्था परत नेणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला पाय लागत नाहीत.

एस.टी.च्या टपावर गाडी आणि खाली मी, असे आम्ही गावी आलो. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एक गोरा माणूस तसल्याच गाडीत बसून हसत होता आणि भोवती हिरवंगार गवत. गल्लीत ते पुस्तक हातोहात फिरलं. शेजारचे आप्पा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, वय सत्तरच्या पुढं, त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाले, "काय चारा हाय बघ लेका!" त्यांची बैलजोडी चारा-छावणीत होती, तिकडं लांब. गोऱ्या माणसाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पंधरा दिवस मी राणी होते. सकाळी वेणी घालायची, दप्तर पाठीला, आणि दोन्ही हातांनी पायडल फिरवत निलंग्याला. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, आठवड्यानं घट्टे पडले. मला त्या घट्ट्यांचा असा माज होता की मुली हात बघायला मागायच्या. बाकीच्या चालून दमायच्या, मी बसून यायचे. एक-दोघींनी तर विचारलं, अशी गाडी मिळवायला काय करावं लागतं. मी म्हटलं, मागच्या जन्मी लाथ मारावी लागते.

पण पाऊस आला नाही. जून कोरडा, आषाढ कोरडा. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला. टँकर यायचा तो फाट्यावरच्या विहिरीत पाणी सोडून जायचा, गावात यायला त्याला रस्ता बरा वाटायचा नाही. फाटा दीड किलोमीटर. बायका डोक्यावर तीन-तीन घागरी घेऊन यायच्या. एक दिवस मायची मान इतकी धरली की तिला भाकरी थापतानाही खाली बघता येईना. त्या दिवशी तिनं मला म्हटलं, "बाई, आजच्या दिवस दोन घागरी ठेवू का गं गाडीवर?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? आजच्या दिवस.

आजच्या दिवसाला आमच्याकडं लई पोरंबाळं होतात. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, "रिकामीच उभी हाय की गाडी." तिसऱ्या दिवशी तिसरी. गल्लीत सहा घरं, सहा घरांचे नंबर लागले. निलंग्याच्या पंक्चरवाल्या चाचांनी तर प्रेमानं गाडीला लोखंडी कडी जोडून दिली, घागरी डुलू नयेत म्हणून. "फिकर नक्को करो बेटी, तीन घागर आराम से बैठती," म्हणाले. तिघी घागरी आरामात बसायच्या, चौथी मी कुठं बसणार ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, अन् तेही सहा-सहा!

आणि टँकर यायची वेळ कुठली? नऊ ते अकरा, त्याला झोप लागली तर बारा. शाळा साडेदहाची. मी दारात दप्तर घेऊन बसायचे आणि माझी गाडी फाट्यावर पाण्याच्या रांगेत उभी असायची. आधी पहिला तास बुडाला, मग दुसरा, मग दिवसच बुडू लागले. हेडमास्तर म्हणाले, "हे बघ, तुला गाडी आहे तरी तू येत नाहीस. ज्यांना गाडी नाही ते येतात. आणखी आठवडाभर असंच चाललं तर पटावरून नाव कमी करतो." मी घरी येऊन थयथयाट केला. एका पायावर थयथयाट करणं सोपं नाही, धरायला काहीतरी लागतं. मी रांजण धरला. माय म्हणाली, "रांजण सोड, फुटंल." माझं नाव गेलं तरी चालेल, रांजण फुटता कामा नये. त्या दिवशी मी मायशी बोलले नाही.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहिली होती आणि सोयीनं विसरले. एका दुपारी मी मागून हाक मारली आणि मायनं नुसती मान वळवली. खांदे जागच्या जागी, फक्त मान. दोन महिने डोक्यावर ओझं नव्हतं ना. तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिनं मान इकडून तिकडं, तिकडून इकडं वळवून बघितली आणि पोरीसारखी हसली.

मग पत्र आलं. संस्थेची गोरी बाई गाड्यांची पाहणी करायला येणार. दिवस नेमका पोळ्याचा. तिच्या देशात पोळा नसावा.

गावात त्या वर्षी पोळाच नव्हता. बैल होते कुठं? काही छावणीत, काही विकलेले. आप्पांचं तर काही खरं नव्हतं. झूल, घुंगरमाळा, शिंगांना लावायचा हिंगूळ, सगळं पेटीत, आणि पेटीवर आप्पा बसलेले. छावणीत जायचं तर पायात बळ नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ते हळद आणि लोणी वाटीत घेऊन आमच्या अंगणात आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, वर्षभर जू वाहिलेलं असतं म्हणून. आप्पा गाडीपाशी बसले आणि मला म्हणाले, "हिचा खांदा कुठला गं?"

मी म्हटलं, "आप्पा, सायकल हाय ती. तिला कुठला आला खांदा?"

"भार कुठं येतो?"

मी मागचा आस दाखवला. त्यांनी दोन्ही हातांनी तो आस मळला, अगदी बैलाला मळतात तसा, पुटपुटत. माय बाहेर आली. मला वाटलं हसेल. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि गाडीला हात जोडून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दोन महिने तिच्या मानेचं ओझं त्या गाडीनं वाहिलं होतं, तिला काही हसू येत नव्हतं.

मला मात्र आला राग. "माझी गाडी हाय ती! बैल न्हाई!"

आप्पा हात पुसत म्हणाले, "तुझी हाय? मग कवा बसलीस तिच्यावर?" आणि वाटी घेऊन निघून गेले. एवढं झोंबलं मला, काय सांगू. खरं होतं म्हणून झोंबलं.

पोळ्याच्या दिवशी गाडी ओळखू येईना. गंज चढलेल्या दांड्याला हिंगूळ. हँडलला बाशिंग. पाठीवर झूल, चाकांना घुंगरमाळ. मारुतीच्या पारापाशी, तोरणाखाली उभी केलेली. सगळा गाव जमला, सगळे आनंदात. बैल नाहीत तर नाहीत, गावाचं ओझं वाहणारं काहीतरी आहे ना, मग त्याचा पोळा. यात चूक काय आहे ते मला अजून सांगता येत नाही. आणि पोळ्याचा कायदा सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, त्याच्याकडून काडीचं काम घ्यायचं नाही. त्यामुळे गाडीवर बसायचं नाही. मी पारावर कशी आले? मायच्या कडेवर. चौदा वर्षांची, पाय लोंबत.

आमच्याकडं पोळ्याला बैलांची लग्नं लावतात. मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता टाकतात. "शुभमंगल सावधान" झालं, गाडीवर तांदूळ पडले आणि नेमकी त्याच वेळी जीप येऊन थांबली.

गोरी बाई खाली उतरली. उंच, लाल झालेली, पण चेहऱ्यानं भली. बरोबर तोच रुमालवाला, आता दुभाषी म्हणून. तिनं विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला असणार, लग्न. तिनं बाशिंग बांधलेल्या गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा गाडीकडं, आणि लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. मी घाईनं म्हणाले, "माझं न्हाई, माझं न्हाई!"

मग चौकशी सुरू झाली. मुलगी गाडीवर बसते का? आप्पांनी छाती काढून सांगितलं, "आज न्हाई. आज बसली तर पाप लागंल." मुलगी इथपर्यंत कशी आली? मायनं कौतुकानं सांगितलं, "मी आणली की, कडेवर." मुलगी शाळेत जाते का? तिथं आप्पा गाडीवरची झूल सारखी करायला लागले. प्रत्येक उत्तरानं गाव स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होता, आणि पाहुणीचा मान ठेवतोय असं समजत होता. शेवटी तिनं तोच फॉर्म काढला. पाच तोंडं. सगळा गाव ओरडायला लागला, "हसरं दाव! हसऱ्यावर ठेव!" मी रागानं पेटले होते. मी रडक्यावर बोट ठेवलं, आणि या वेळी ते खरं होतं.

बाई वही मिटून दुभाष्याशी बोलली. तो घसा साफ करून म्हणाला, "मॅडम म्हणतात, तुम्ही गाडीचा फार मान राखला. पण गाडी पुजायला नाही, बसायला दिली होती. नायगावकडं एक मुलगा वाट बघतोय. गाडी त्याला देऊ." ड्रायव्हर दोर आणायला गेला.

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं झालं माझं. मायच्या कडेवरूनच मी सुरू झाले. "मी बसत न्हाई असं न्हाई! मला बसू देत न्हाईत! पाणी वाहायलेत गाडीवर, सहा घरांचं! ती कडी बघा, घागरी अडकवायची हाय! माझं नाव काढायला बसलेत हेडमास्तर, अन् ह्यांना पोळा सुचतोय!" आणि हात पुढं केले. "हे घट्टे बघा. पुजून घट्टे पडत्यात का?"

मी गल्ली उघडी पाडली होती, आणि गल्लीत पहिलं घर आमचं होतं. मायचा हात माझ्या कमरेवर होता, तो जरा सैल झाला. मला ते कळलं, आणि तरी मी थांबले नाही.

दुभाष्यानं सांगितलं, तशी बाईची मुद्रा आणखी अवघड झाली. दुसऱ्या कामाला लावली, म्हणजे ही दुसरी अट मोडली. पण ती वाकून माझ्या तोंडासमोर आली आणि तिनं विचारलं, तुला काय हवंय? मला आजवर सगळ्यांनी काय झालंय ते विचारलं होतं. काय हवंय ते पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

मी म्हटलं, "पाणी. गावात पाणी आणा. मग गाडी आपोआप माझीच होईल."

दोघं बराच वेळ बोलले. मग तो म्हणाला, "मॅडम म्हणतात, तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण आमची संस्था पायांची आहे. पाण्याची वेगळी असते."

"मग तिला धाडा की," आप्पा म्हणाले.

"ती या जिल्ह्यात काम करत नाही."

नवा जिल्हा होता, पाण्याला अजून पत्ता सापडला नसेल. ड्रायव्हर दोर घेऊन गाडीपाशी पोचला, घुंगरं वाजली, आणि तेव्हा माय बोलली. मला तिनं पाराच्या कट्ट्यावर ठेवलं, पदर खोचला आणि दुभाष्याला विचारलं, "काय लिहून दिलं म्हंजी गाडी ठिवता?"

लिहून द्यायचं ते असं होतं की या गाडीवर पाणी वाहिलं जाणार नाही, मुलगी रोज शाळेत जाईल, हजेरी संस्थेला कळवली जाईल. बाईनं स्वतः कागद केला. शाईचा पॅड कुणाकडं नव्हता. मायनं हिंगुळाच्या वाटीत अंगठा बुडवला आणि कागदावर उमटवला, शेंदरी, एवढा मोठा. गल्लीतल्या बायका तिच्याकडं बघत होत्या. एकीनं तोंड फिरवलं. आता सहाही घरांना घागरी डोक्यावर घ्याव्या लागणार होत्या, आणि मायलाही.

आप्पा उठले. गाडीचं बाशिंग त्यांनी सोडलं, झूल काढली, घडी घातली. "फुटला पोळा," म्हणाले, आणि मला म्हणाले, "बस." तोरण तोडून पोळा फुटायच्या आत बैल सोडणं म्हणजे अपशकुन. आप्पांनी तो आपल्या हातानं केला. मी बसले. एक घुंगरू मात्र चाकाला तसंच राहिलं.

पुढं माझं सगळं चांगलं झालं, तेही सांगते, म्हणजे उगीच कुणी हळहळायला नको. दहावी झाले, बारावी झाले, नांदेडला नोकरी लागली, ती अशाच कामाची. मुदखेड म्हणू नका, नायगाव म्हणू नका, गावोगाव फॉर्म भरत फिरले. मला आधी अपंग म्हणायचे, मग विकलांग, आता दिव्यांग. नाव दर थोड्या वर्षांनी बदलतं, कचेरीच्या पायऱ्या बदलत नाहीत. फॉर्ममध्ये तोंडं अजून पाचच असतात. आता "काळजी घेणारी व्यक्ती" असा एक रकाना आला आहे, एक ओळीचा. लोक तिथं "आई" लिहितात आणि ओळ संपते. नायगावच्या त्या मुलाचं काय झालं, हे मी तिथं इतकी वर्षं फिरूनही कधी विचारलं नाही. धाडस झालं नाही.

पण मला सांगायचा आहे तो एक शनिवार. दिवाळी जवळ आली होती. शनिवारी शाळा सकाळची, मी अकराच्या सुमारास घरी येत होते. हजेरीत माझा एकही दिवस चुकला नव्हता, हेडमास्तरांनी वर्गात कौतुक केलं होतं, आणि माझं डोकं आभाळाला लागलं होतं. फाट्यावरून गावाकडं वळले तर पुढं रस्त्याच्या मधोमध एक बाई चाललेली, डोक्यावर तीन घागरी, कडेवर कळशी. पाठमोरी. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्या. माय आहे हे मला लांबूनच कळलं होतं. लुगडं मी ओळखत होते.

मी घंटी वाजवली.

मला हाक मारता आली असती. थांबता आलं असतं. मागून हळूहळू येता आलं असतं. मी घंटी वाजवली, एकदा नाही, दोनदा, बाजूला हो म्हणून. गाडी माझी होती ना.

मायला मान वळवता आली नाही. ती आख्खी वळली, काट्यांत पाय देऊन, घागरीतलं थेंबभर पाणी सांडू न देता. मला बघितलं, अन् वाट दिली.

"हळू जा गं बाई," म्हणाली. "म्होरं उतार हाय."